घरगुती कारागिरी : नदी आधी आखावी, पाणी अखेरीस ओतावे

खानापूर तालुक्यातील एका वाचक बंधूंचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. व्यवसायाने ते शेतकरी आहेत. दोन मुलांकरिता त्यांनी विजेवर धावणारी छोटी आगगाडी आणली, आठ फूट लांब व चार फूट रुंद असा प्लायवुडचा सपाट तक्ता घेतला आणि त्यावर रूळ ठोकले. बेळगावहून गोव्यास जाताना आगगाडीतून जो दूधसागर दिसतो, तो आपल्याही गाडीच्या वाटेवर हवा, असा मुलांनी हट्ट धरला. तक्त्यावर प्लास्टरचे आळे करून त्यात, पाण्यासारखे दिसते म्हणून, बाजारातील रेझिन ओतले. सकाळी पाहतात तो आळे रिकामे! सारे रेझिन तक्त्यावर पसरलेले, रुळांचा सांधा जागच्या जागी चिकटून बसलेला आणि भोकांतून खाली उतरलेल्या तारा रेझिनमध्ये गोठलेल्या. "धाकट्याने दोन दिवस गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही," असे लिहून ते विचारतात, "आता हे सारे मोडून टाकावे, की यातून काही मार्ग आहे?"

मार्ग आहे आणि मोडून टाकण्याचे काहीच कारण नाही. परंतु तो मार्ग सांगण्यापूर्वी, असे का घडते हे पाहणे बरे. कारण ही अडचण ह्या एका घरची नव्हे. लघुरेल्वे आणि पाणी यांची जोड ज्यांनी ज्यांनी घातली, त्यांपैकी बहुतेकांना ती कधी ना कधी भेटलेली असते. नदी, तळे, धबधबा ही शोभेची कामे, म्हणून ती सर्वांत शेवटी सुचतात. आणि मुलांना तीच सर्वांत अधिक हवी असतात, म्हणून ती सर्वांत आधी उरकली जातात. दोन्हीकडून क्रम उलटा होतो. खरा नियम असा आहे की पाण्याचा विचार पहिल्या दिवशी करावयाचा आणि पाणी जवळजवळ शेवटच्या दिवशी ओतावयाचे. ह्या दोन दिवसांच्या मध्ये जी कामे येतात, त्यांची ओळ नीट लावणे म्हणजेच अशा रेल्वेची योजना. ती ओळ आज दूधसागराचेच उदाहरण घेऊन पाहू.

कागदावरचे काम

प्रथम मूळ स्थळ ध्यानी घ्यावे. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे १८८८ साली सुरू झाली. ती त्या वेळी मीटर गेज होती. १९९० च्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. कॅसलरॉक ते कुळे ह्या घाटात चढण सदतिसास एक इतकी आहे. म्हणजे सदतीस मीटर पुढे जावे तेव्हा गाडी एक मीटर वर चढते. रेल्वेच्या हिशेबाने ही चढण फारच कडक. जड गाड्यांना मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात, ती ह्याचकरिता. दूधसागराची एकूण उंची सुमारे ३१० मीटर आहे. पाणी टप्प्याटप्प्यांनी खाली कोसळते आणि त्याच्या अंगावरूनच रेल्वेचा पूल गेला आहे.

आता हे घरात कसे बसवावयाचे? लघुरेल्वेत सर्वांत प्रचलित प्रमाण सत्त्याऐंशीस एक हे आहे. त्यास एचओ असे नाव आहे. ३१० मीटरला ८७ ने भागले असता साडेतीन मीटरहून अधिक, म्हणजे सुमारे पावणेबारा फूट येतात. आपल्या घराचे आढेही कित्येकदा इतके उंच नसते! एकशेसाठास एक ह्या त्याहून लहान प्रमाणात, ज्यास एन म्हणतात, तोच धबधबा सुमारे १९४ सेंटिमीटरांचा होतो. तोसुद्धा मनुष्याच्या डोक्यावरून जाणारा. तेव्हा पहिला निर्णय असा की संपूर्ण धबधबा करावयाचा नाही. पूल, पुलाखालचे पाणी आणि पुलामागचा एक टप्पा एवढाच भाग लाकूड-प्लास्टरचा करावा; वरचे टप्पे मागच्या भिंतीवर, उंच जावे तसे लहान आणि फिके होत जाणारे, रंगाने काढावे. दूरची वस्तू लहान व फिकी दिसते हे डोळ्यास ठाऊक असते, म्हणून तो आपोआप फसतो.

दुसरा निर्णय उंचीचा, आणि सर्व मेख इथेच आहे. पूल पुलासारखा दिसावा म्हणून रूळ आणि पाणी यांत निदान वीस सेंटिमीटरांचे अंतर हवे, असे समजू. मोठ्या मापाने ते साडेसतरा मीटर होईल. आता रूळ वर चढवून हे अंतर साधावयाचे म्हटले, तर घाटाच्याच चढणीने वीस सेंटिमीटर चढण्यास २० गुणिले ३७, म्हणजे ७४० सेंटिमीटर लांबी लागेल आणि उतरण्यास पुन्हा तितकीच. आठ बाय चार फुटांच्या तक्त्यावर पन्नास सेंटिमीटर त्रिज्येची वळणे घेऊन एक वळसा घातला, तर सारी वाट मिळून होते सुमारे ५६० सेंटिमीटर. जेथे एकूण साडेपाच मीटर आहेत, तेथे जवळजवळ पंधरा मीटर आणावयाचे कोठून? चढण आणखी कडक केली, तर छोट्या इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि डबे मागे ओढतात.

ह्यावर उपाय एकच, आणि तो अगदी साधा आहे. रूळ वर नेऊ नयेत. नदी खाली न्यावी. घाटात रूळ टाकणाऱ्या अभियंत्यांच्या हाती डोंगर आणि ओढे हलविण्याची सोय नव्हती. आपल्या हाती ती आहे. रूळ सपाट राहतात, गाडी सुखाने धावते आणि तरीही पुलाखाली खोल दरी दिसते. परंतु नदी तक्त्याच्या खाली न्यावयाची, तर तक्ता तेथे असताच कामा नये. म्हणूनच पाण्याचा प्रश्न हा सुतारकामाचा प्रश्न आहे आणि तो करवत हाती घेण्यापूर्वीच सुटला पाहिजे.

कागदावर दोन चित्रे काढावी. एक वरून पाहिल्यासारखे, ज्यात रूळ, सांधे, नदीचे दोन्ही काठ व पूल येतील. दुसरे बाजूने कापून पाहिल्यासारखे, ज्यात पाण्याची पातळी शून्य धरून, पुलाचे पाय, रूळ, काठ व डोंगर यांची उंची सेंटिमीटरांत लिहिलेली असेल. बहुतेकजण पहिले चित्र काढतात आणि दुसरे टाळतात. फजिती होते ती दुसऱ्या चित्राच्या अभावी. आणखी एक गोष्ट ह्याच वेळी तपासावी : काठावर उभे राहून आपला हात कोठवर पोचतो? साठ ते पंच्याहत्तर सेंटिमीटरांपलीकडे प्रौढ माणसाचाही हात नीट काम करू शकत नाही. धबधबा भिंतीलगत मागे असतो. तेथे रंगाचा कुंचला आणि रेझिनचे भांडे पोचले पाहिजे, आणि एखादा डबा दरीत पडला तर तोही काढता आला पाहिजे.

रुळांविषयी एक बारकावा सांगून ठेवतो. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशीस एक ह्या प्रमाणात ती १९ मिलिमीटरांहून थोडी अधिक होते. बाजारात मिळणारे एचओ रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरांचे असतात, कारण ते परदेशी १४३५ मिलिमीटरांच्या रुळांवरून बेतलेले आहेत. हौशी मंडळी हा फरक खुशाल सोसतात. ज्यांस जुन्या काळची मीटर गेज गाडी दाखवावयाची असेल, त्यांच्याकरिता ह्याच प्रमाणात बारा मिलिमीटर रुंदीचे रूळ असतात.

सुतारकाम

सपाट तक्त्याऐवजी सांगाडा करावा. दोन लांब तुळया, त्यांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर लहान उभे खुंट आणि खुंटांवर फक्त रुळांपुरती प्लायवुडची अरुंद पट्टी. बाकी जागा मोकळी. अमेरिकेतील 'मॉडेल रेलरोडर' ह्या मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी अशा सांगाड्याची इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या तुळयांवर उभारलेली एक सोपी रीत प्रचारात आणली. तिचा लाभ असा की आडवी पट्टी पुढेमागे सरकविता येते आणि जेथे दरी हवी तेथे खाली उतरविता येते. नदीच्या जागी आडव्या पट्ट्या वीस-बावीस सेंटिमीटर खाली घ्याव्या आणि त्यांवर नदीच्या तळाकरिता जाड प्लायवुडचा एक अखंड तुकडा स्क्रूने बसवावा.

हा तुकडा पाणसळ लावून चारही बाजूंनी तपासावा. रूळ किंचित तिरपे झाले तर गाडी सांभाळून घेते. तळ तिरपा झाला तर रेझिन सांभाळून घेत नाही. ते खऱ्या पाण्याप्रमाणेच एका काठाकडे जमा होते आणि दुसरा काठ कोरडा राहतो. दोन सेंटिमीटर रुंदीच्या जाड पट्ट्या तळाच्या चारही कडांना लावून त्याची परात करावी, म्हणजे पुढील जोखीम निम्मी कमी झाली.

आमच्या पत्रलेखक बंधूंचा मार्ग येथेच आहे. त्यांचा तक्ता टाकून देण्याचे कारण नाही. चिकटलेला सांधा काढून तेथे नवा बसवावा, तारा कापून नव्या ओढाव्या. मग पुलाची जागा ठरवून तेथील रूळ उचलावे आणि सुमारे चाळीस सेंटिमीटर रुंदीचा पट्टा आखावा. पट्ट्याच्या दोन्ही अंगांस, तक्त्याच्या खालून, आडव्या लाकडी पट्ट्या प्रथम स्क्रूने घट्ट कराव्या. मगच करवत चालवावी. आधी कापले तर तक्ता वाकेल. दोन्ही अंगांच्या पट्ट्यांना खाली फळ्या लोंबकळत्या जोडून त्यांवर नदीची परात बसविली, की सपाट तक्त्यातच दरी तयार झाली. गेला तो थोडा रेझिन आणि एक सांधा. बाकीचे श्रम शाबूत आहेत.

रूळ आणि तारा

सांगाड्यानंतर पूल. पूल जागेवर बांधू नये; टेबलावर बसून बांधावा. पुलाचे खांब आणि वरचा भाग वेगळे ठेवावे. खांब नदीच्या तळावर कायमचे उभे राहतील. वरचा भाग रुळांसह उचलून काढता येईल असा असावा. नदीत काम करताना हात खाली जावयाचा असतो आणि वर पूल असेल तर प्रत्येक वेळी बाही अडकते.

मग रूळ टाकावे. रुळांच्या जोडांत नखाएवढी फट ठेवावी. कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि फट नसेल तर रूळ धनुष्यासारखे वाकतात. दर मीटरभर अंतरावर रुळांस खालून तारा डाख देऊन जोडाव्या, नुसत्या जोडपट्ट्यांवर विसंबू नये. पुलावरच्या रुळांस स्वतःच्या स्वतंत्र तारा द्याव्या. रुळांत खेळतो तो वीजप्रवाह साधारणतः बारा व्होल्टांचा असतो, त्यापासून भय नाही. परंतु भिंतीतील वीज ज्या पेटीत येऊन उतरते ती पेटी नदीपासून आणि रंगकामाच्या पाण्यापासून दूर, उंचावर ठेवावी. कोणतीही तार नदीच्या तळाखालून नेऊ नये. परातीस वळसा घालून नेल्यास तार थोडी अधिक लागेल, परंतु रेझिनचा एक थेंबही तिच्यावर पडणार नाही.

एवढे झाले की थांबावे. होय, येथे थांबावे आणि गाडी चालवावी. नुसत्या लाकडावर, डोंगर नाही, झाड नाही, पाणी नाही, अशी गाडी निदान तीन-चार आठवडे रोज चालवावी. पुढे जाताना, मागे येताना, जोरात, हळू, लांब डब्यांसह आणि आखूड डब्यांसह. कोणत्या सांध्यावर चाक उतरते, कोणत्या जोडावर इंजिन गचका खाते, हे खडूने टिपून ठेवावे आणि दुरुस्त करावे. आज ही दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. प्लास्टर चढल्यावर तीच दुरुस्ती डोंगर फोडून करावी लागेल. मुलांच्या दृष्टीनेही हा थांबा मोलाचा आहे. ज्या घरात सजावट पुरी होईपर्यंत गाडी चालत नाही, तेथे मुलांचा उत्साह सजावटीआधीच संपतो. ज्या घरात गाडी आधी धावू लागते, तेथे बाकीच्या कामाची त्यांस घाई राहत नाही.

डोंगर आणि पात्र

आता रुळांवर चिकटपट्टी लावून ते झाकावे आणि डोंगर उभारावे. पुठ्ठ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणून किंवा बारीक तारेची जाळी वाकवून आकार द्यावा आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजविलेल्या जुन्या कापडाचे तुकडे पसरावे. थर्मोकोल स्वस्त आणि हलका म्हणून पुष्कळजण वापरतात. तो चालेल, परंतु एक सावधगिरी. बोटींच्या व फायबरच्या कामात वापरले जाणारे उग्र वासाचे पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोलला विरघळवून टाकते; फवाऱ्याचे कित्येक रंगही तसेच करतात. नदीकरिता घ्यावयाचे ते इपॉक्सी रेझिन, आणि थर्मोकोलवर प्लास्टरचे आवरण असल्याखेरीज त्याच्याजवळ कोणतेही रसायन नेऊ नये.

डोंगरांनंतर नदीचे पात्र. रेझिन मूळचे काचेसारखे स्वच्छ असते. खोली दिसते ती तळाच्या रंगामुळे. प्रवाहाच्या मध्याला काळसर हिरवा, काठाकडे येताना तपकिरी, अगदी कडेला मातीचा फिका रंग, आणि हे रंग ओले असतानाच एकमेकांत मिसळलेले. असे केल्यास तीन मिलिमीटर जाडीचे पाणी पुरुषभर खोल भासते. दगड, वाळू, बुडालेले ओंडके आणि पुलाचे खांब ह्याच वेळी चिकटवावे, म्हणजे पाणी त्यांच्या पायाभोवती जमेल. खांब मागाहून ठेवला तर तो पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो.

रुळांखालची खडी आणि काठावरचे गवतही पाण्यापूर्वीच उरकावे. खडी बसविण्याकरिता पाणी घातलेला पांढरा फेव्हिकॉल सोडावा लागतो आणि त्यात साबणाचा थेंब असतो, म्हणजे तो चटकन सर्वत्र झिरपतो. असा ओघळ तयार नदीवर आला तर तिच्या आरशावर दुधी डाग पडतो. सगळे वाळले की उरलेला भुसा, सुटे गवत आणि धूळ नीट झाडून घ्यावी. नाहीतर ती कायमची पाण्यात राहील.

पाणी

काही वाचक विचारतील की खरेच पाणी का ठेवू नये? जर्मनीत हाम्बुर्ग येथे ब्राउन बंधूंनी २००१ साली 'मिनिएतूर वुंडरलांट' नावाचे विशाल लघुरेल्वे-प्रदर्शन उघडले. त्यातील स्कँडिनेव्हियाच्या भागात सुमारे तीस हजार लिटर खरे पाणी आहे आणि त्यावर छोटी जहाजे चालतात. परंतु त्यांच्यापाशी ते निर्मळ राखणारी यंत्रे आणि माणसे आहेत. घरच्या परातीतील पाणी आटते, हिरवे होते, डास आणते आणि रुळांस गंज चढविते. शिवाय पाणी प्रमाणात लहान होत नाही. त्याचा थेंब थेंबाएवढाच राहतो, आणि छोट्या इंजिनाशेजारी तो कलिंगडाएवढा दिसतो. म्हणून घरी नकली पाणीच अधिक खरे वाटते.

रेझिन ओतण्याच्या आदल्या रात्री खोलीत अंधार करावा आणि परातीच्या खाली बॅटरी धरावी. जेथून उजेड वर येईल, तेथून रेझिन खाली जाईल. प्लास्टरमध्ये डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा असतात, आणि रेझिन त्या शोधून काढते. अशा जागा सिलिकॉनने बुजवाव्या आणि साऱ्या पात्रावर व्हार्निशचे दोन हात द्यावे. परातीच्या पुढच्या उघड्या बाजूस प्लास्टिकचा बांध चिकटपट्टीने घट्ट बसवावा.

रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. ते मापानेच घ्यावे, अंदाजाने नव्हे. हार्डनर अधिक घातल्याने लवकर वाळते ही समजूत खोटी आहे. प्रमाण चुकले तर ते महिनोन्महिने चिकट राहते. किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. चाळीस सेंटिमीटर लांब, तीस रुंद अशा पात्रात तीन मिलिमीटरांचा एक थर द्यावयाचा तर ४० गुणिले ३० गुणिले ०.३, म्हणजे ३६० मिलिलिटर. हळूहळू ढवळावे, म्हणजे बुडबुडे कमी येतात. एका वेळी एकच पातळ थर ओतावा आणि दुसऱ्यापूर्वी पुरता एक दिवस जाऊ द्यावा. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापते. जाड थर फार तापून पिवळा पडतो किंवा तडकतो. ओतून झाल्यावर वर पुठ्ठ्याची पेटी उपडी घालावी, कारण त्या एका रात्रीत पडलेला माशीचा पाय वर्षानुवर्षे दिसत राहतो.

हे काम मुलांनी करावयाचे नाही. हातात मोजे, उघड्या खिडक्या आणि ओला रेझिन कातडीला लागू न देणे ही बंधने मोठ्यांनीही पाळावी. मुलांनी दगड रंगवावे, गवत पेरावे, खांब मोजावे. रेझिनच्या दिवशी त्यांनी दारातून पाहावे.

ज्यांना रेझिनचा खर्च नको असेल, त्यांना एक जुना उपाय आहे. नाताळच्या गोठ्यात आरशाचा तुकडा ठेवून आपण तळे करतोच. त्याच जातीची ही युक्ती आहे. रंगविलेल्या तळावर चकचकीत व्हार्निशचे पाच-सहा पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. दोन हातांवरून पाहणाऱ्यास ते पाणीच वाटते, आणि गळण्याचे भय मुळीच नाही.

धबधबा वेगळा करावा. काचेच्या तुकड्यावर पारदर्शक सिलिकॉनच्या उभ्या रेघा शेजारी शेजारी ओढाव्या, काडीने त्या खाली ओढून एकमेकींत मिसळाव्या आणि वाळल्यावर सारा पडदा सोलून कड्यावर चिकटवावा. वर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने पांढरा रंग फिरवावा. नावातच दूध आहे, तेव्हा येथे पांढऱ्याची कंजुषी नको. पडदा पाण्यास जेथे भिडतो तेथे थोडा कापूस पिंजून तुषार करावे. मग पुलाचा वरचा भाग जागेवर ठेवावा, आणि सर्वांत शेवटी झाडे, माणसे, स्टेशनचे दिवे.

वर्षाची विभागणी

आपल्याकडील हवामान ह्या क्रमाला अनुकूल आहे. पावसाळ्यात कागदावरची चित्रे आणि टेबलावरचा पूल करावा. दमट हवेत रेझिन धुरकट होते, तेव्हा त्याच्या वाटेस जाऊच नये. पाऊस सरल्यावर, लाकूड सुकले की सांगाडा. नोव्हेंबरात रूळ आणि तारा. नाताळात घरी पाहुणे येतील तेव्हा गाडी उघड्या लाकडावर धावत असेल, आणि ते पुरेसे आहे. जानेवारीत डोंगर, पात्र आणि गवत. फेब्रुवारीच्या कोरड्या, सौम्य दिवसांत पाणी. एप्रिल-मेच्या उकाड्यात रेझिन हातातच घट्ट होऊ लागते, म्हणून तोवर थांबू नये.

ज्यांना पुरी झालेली मोठी लघुरेल्वे एकदा डोळ्यांनी पाहावयाची असेल, त्यांनी पुण्यास गेल्यावर जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाची चौकशी करावी. ते १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. पाहताना मात्र गाड्यांबरोबर त्यांच्या खालची जमीन कोठे कोठे उतरविली आहे हेही पाहावे. तेथेच योजकाचे डोके दिसते.

पत्रलेखक बंधूंना आमचे एवढेच सांगणे की करवत हाती घेण्यापूर्वी ते दुसरे, बाजूने कापलेले चित्र काढावे आणि ते धाकट्याकडून काढून घ्यावे. पाण्याची पातळी शून्य, रूळ वीस. मधली उंची त्यानेच मोजावी आणि खांब किती लांब हवेत ते त्यानेच सांगावे.

पुढील लेखी पुठ्ठ्याचा आणि लाकडाच्या काड्यांचा पूल कसा बांधावा ते पाहू.